क्षमा म्हणजे फिर्याद मागे घेणे नव्हे

"तुमच्या धर्मात क्षमा सांगितली आहे ना? मग कोर्टकचेऱ्या कशाला?"

ख्रिस्ती मंडळीवर हल्ला झाला, प्रार्थनागृह फोडले गेले, पाळकाला मारहाण झाली किंवा कुणाचा जीव गेला, की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न कानावर येतो. विचारणारा बहुधा सभ्य माणूस असतो. गावात शांतता राहावी, प्रकरण वाढू नये, असे त्याला मनापासून वाटते. पण हीच गोष्ट आमचेच काही पाळक भक्तीच्या वेळी सांगतात, तेव्हा ती अधिक जिव्हारी लागते. प्रभूने वधस्तंभावरून क्षमा केली, मग आपण जबाब कसले देत बसायचे, असा त्यांचा सूर असतो. मराठवाड्यात, धाराशिवसारख्या जिल्ह्यात, एकेका गावात ख्रिस्ती घरे मोजकीच असतात. सकाळी किराणा ज्यांच्याकडून आणायचा, त्यांच्याच शेजारात राहायचे असते. तिथे या उपदेशाला भीतीची साथ मिळते आणि फिर्याद लिहिलीच जात नाही. हा उपदेश ख्रिस्ती श्रद्धेला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षमेचे उदाहरण म्हणून आपल्या देशात सर्वांत आधी नाव निघते ते ग्लॅडिस स्टेन्स यांचे. २२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, चर्चसमोर उभ्या असलेल्या गाडीत झोपली होती. जमावाने गाडी पेटवून दिली. स्टेन्स १९६५ पासून ओडिशात होते आणि बारीपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि अंत्यविधीत त्यांनी व त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने भजन गायले. इथपर्यंतची हकीगत सर्वांना पाठ आहे. पुढची मात्र फार कमी जण सांगतात. खटला थांबला नाही आणि तो थांबवा असे ग्लॅडिस यांनी म्हटले नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. खुर्दा इथल्या विशेष न्यायालयाने २००३ मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिची जन्मठेप केली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या निकालपत्रात धर्मांतराविषयी काही शेरे आले होते. हत्येचे समर्थन होईल असा त्यांचा अर्थ निघतो, अशी टीका झाली आणि चारच दिवसांत न्यायालयाने ते शेरे स्वतःहून काढून टाकले. क्षमा केली म्हणून सगळेच गप्प बसले असते, तर ते शेरे आज निकालपत्रात तसेच राहिले असते.

ग्लॅडिस यांनी मनातला द्वेष सोडला. तेवढा त्यांच्या हातात होता आणि तो सोडण्याचा अधिकार त्यांचा एकट्यांचा होता. तीन माणसे जाळल्याचा गुन्हा राज्याविरुद्ध आणि समाजाविरुद्धही होता. तो माफ करण्याचा अधिकार कोणत्याही विधवेला नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे जिचे सगळे गेले तिच्याच खांद्यावर पुन्हा गावाच्या शांततेचे ओझे ठेवणे आहे.

आता पाळकांच्या मुद्द्याकडे वळतो. येशूने वधस्तंभावर आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, हे खरेच आहे. पण त्याच्या आदल्या रात्री महायाजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा तो गप्प बसला नव्हता. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर मारलेस का, असा जाब त्याने तिथल्या तिथे विचारला. योहानाच्या शुभवर्तमानात हे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तर फिलिप्पैचा सबंध प्रसंगच आहे. पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारून तुरुंगात घातले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, की यांना सोडून द्या. पौलाने जायला साफ नकार दिला. आम्ही रोमी नागरिक असून चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. आदल्याच रात्री पौलाने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला जीव देण्यापासून वाचवले होते आणि त्याच्या घरचे अन्नही घेतले होते. सूड त्याच्या मनात नव्हता. तरी नागरिक म्हणून आपला हक्क त्याने सोडला नाही. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्या प्रत्येक पाळकाने प्रेषितांच्या कृत्यांतला हा सोळावा अध्याय मंडळीपुढे मोठ्याने वाचावा.

मध्य प्रदेशातली एक घटना क्षमेचा क्रम नीट दाखवते. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया भूमिहीन मजुरांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करत होत्या. कर्जाच्या पायी माणसाचे काय होते ते मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, समुंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना सुऱ्याने भोसकून ठार केले. चिथावणी देणारे दुसरेच होते, असे पुढे तो स्वतः सांगू लागला. त्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली. ज्या मनगटाने सुरा चालवला होता, त्याच मनगटावर तिने राखी बांधली. त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारियांच्या घरच्यांनी अर्ज केले आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. माझ्या मुलीचे रक्त या हातांना लागले आहे, हे विसरून तिने तसे केले नाही, तर ते पुरते लक्षात ठेवून केले. ही क्षमा इतकी मोठी वाटते, कारण तिच्याआधी गुन्ह्याची नोंद झाली होती, साक्षी झाल्या होत्या, शिक्षा लागली होती, आणि त्या घराला सात वर्षे रडायला मिळाली होती. खरे काय घडले हे नोंदवले जाण्याआधीच मागितलेल्या क्षमेने फक्त गुन्हेगाराची सोय होते.

श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, तीन चर्च आणि काही हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. कोलंबोचे कार्डिनल माल्कम रणजित यांनी आपल्या लोकांना सांगितले, की मुस्लिम शेजाऱ्यांवर हात उगारू नका. आणि हेच कार्डिनल पुढे वर्षानुवर्षे सरकारला विचारत राहिले, की हल्ल्याची आगाऊ खबर मिळूनही ती कुणी दाबली? जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना बळींच्या कुटुंबांसाठी दहा कोटी श्रीलंकन रुपये स्वतः भरायला सांगितले. सूडाला मनाई करणारा आणि हिशेब मागणारा, दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते.

आणखी एक शिकवण आहे. तिचा प्रतिवाद अधिक जपून करावा लागतो, कारण ती मायेने दिली जाते. "प्रभूने नेले." "रडू नका, तो प्रभूजवळ सुखात आहे." "यात काहीतरी योजना असेल." दफनविधीत हे आपण सगळेच म्हणतो. आजाराने, वयाने मृत्यू आला असेल तर या शब्दांनी आधार मिळतोही. पण ज्याला जाळले, भोसकले, जमावाने मारले, त्याच्या आईला 'प्रभूने नेले' म्हणणे म्हणजे मारेकऱ्याचे कृत्य प्रभूच्या नावावर मांडणे होय. लाजाराच्या कबरेशी येशू रडला. थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता, तरीही रडला. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर मुकाट बसून राहिले. तेवढेच त्यांनी बरोबर केले. नंतर तोंड उघडून ते देवाची बाजू मांडू लागले आणि शेवटी देवानेच त्यांना दोषी ठरवले. देवाशी भांडणारा ईयोब मात्र खरे बोलला, असा निर्वाळा दिला. स्तोत्रसंहितेत विलापाची, तक्रारीची, 'कुठवर' म्हणून देवाला धारेवर धरणारी स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. ती वाचली की रडणाऱ्या बाईला 'विश्वास कमी पडला' म्हणायची हिंमत होऊ नये.

आणि हे समजायला धाराशिवच्या माणसाला पवित्र शास्त्रच वाचायला हवे असे नाही. याच जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांची कथा लहान पोरांनाही ठाऊक आहे. चिखल तुडवताना नामात बुडालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे रांगते मूल आले. पाणी घेऊन आलेल्या बायकोने हंबरडा फोडला आणि प्रत्यक्ष विठोबाला बोल लावले. पुढे कथेत मूल परत मिळते, पंढरपुरात, कीर्तनात. पण त्या आईचा संताप कीर्तनकारांनी कथेतून कधीच गाळला नाही. भक्ताच्या घरात देवाविरुद्ध उठलेला आवाजही त्यांनी भक्तीच्याच कथेत ठेवला. मराठी भक्तीची ही समज आमच्या मंडळ्यांनी आपली म्हणून घ्यावी.

ज्यांचा देवावर विश्वास नाही, ते आणखी पुढचा प्रश्न करतात: प्रार्थना करणारेच मारले गेले, तेव्हा तुमचा देव कुठे होता? या 'का'चे उत्तर मला देता येत नाही, आणि जो ते चटकन देतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण या प्रश्नामागे एक गृहीत आहे, की भक्ती करणाऱ्याला देव इजा होऊ देत नाही, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. ती असे कधीच सांगत नाही. तिच्या मध्यभागीच अन्यायाने मारला गेलेला माणूस आहे, आणि पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा आहेत. थोमाला त्यानेच त्या दाखवल्या. श्रीलंकेतल्या त्या ईस्टरच्या हल्ल्यात नेगोंबोजवळच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये पुनरुत्थित येशूचा पुतळा स्फोटाच्या तुकड्यांनी फुटला आणि त्यावर माणसांच्या रक्ताचे शिंतोडे उडाले. मंडळीने तो धुतला नाही, काचेच्या कपाटात तसाच जपून ठेवला. चर्च मात्र काही महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा उघडले. या श्रद्धेने त्यांना वाचवले नाही. डाग न पुसता पुन्हा त्याच जागी गुडघे टेकण्याचे बळ तिने दिले, आणि मी तिच्याकडून एवढेच मागतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: हे दुःख 'त्यांचे' आहे, बाहेरच्या धर्माचे आहे. याचा जाहीर निकाल धाराशिव जिल्ह्यातच लागला. जानेवारी २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही संघटनांनी विरोध केला. वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी गुंडगिरीसमोर उभा राहिलेला, 'सुबोध बायबल' मराठीत देणारा हा माणूस पाठीच्या दुखण्याने जेरीस आलेला असतानाही संमेलनाला आला. ना. धों. महानोरांनी उद्घाटन केले. नगरीला नाव होते संत गोरा कुंभारांचे. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक या ख्रिस्ती लेखकांच्या मराठीला बाहेरची म्हणणे ज्यांना जमते, त्यांना धाराशिवकरांनी तिथेच उत्तर दिले. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

पण दुःख सर्वांचे म्हणायचे, तर तो नियम आम्हालाही लागू आहे. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली जे घडले ते आम्ही सांगतो: चर्च जाळली गेली, सरकारी आकड्यांनीही तीसहून अधिक माणसे मारली गेली, पन्नास हजारांवर लोक रानात आणि छावण्यांत गेले. त्याच्या आधी, २३ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, तिथले स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले होते. तो खून माओवाद्यांनी आपल्या नावावर घेतला. ख्रिस्ती मंडळीने तो आपल्या प्रार्थनेत घेतला पाहिजे आणि त्या घरांसाठीही रडले पाहिजे. हे केले म्हणजे ज्यांची घरे जळाली त्यांची मागणी तसूभरही कमी होत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली भरपाई अपुरी ठरवली आणि पोलिसांनी बंद केलेल्या तीनशेहून अधिक प्रकरणांची पुन्हा तपासणी करायला सांगितले. आठ वर्षांनी एवढे तरी झाले, कारण काही जणांनी अर्ज करणे सोडले नव्हते.

म्हणून मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे. असा प्रसंग आला तर पहिल्यांदा फिर्याद नोंदवा आणि तिची प्रत घ्या. साक्षीदाराला एकट्याने पोलीस ठाण्यात पाठवू नका, दोघे जण सोबत जा. मेलेल्यांची नावे दरवर्षी त्या तारखेला उपासनेत मोठ्याने वाचा. घरच्यांना क्षमेचे विचारू नका. ती आलीच तर त्यांच्या तोंडून आणि त्यांच्या वेळेला येईल. आणि गावातल्या इतर शेजाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे: शांतता समिती बसवण्याआधी आमच्या मातीला या.