घरबसल्या पदवी : कुणाच्या सोयीची?

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या गावी आम्ही मुलींच्या पालकांची बैठक घेतली. बारावीचा निकाल लागून गेला होता, पुढचे प्रवेश चालू होते. एक वडील उठून म्हणाले, "ताई, मुलीला शिकवू नका असं मी कुठं म्हणतो? पण आता मोबाइलवर सगळं मिळतं, घरबसल्या डिग्री होते. मग तिला रोज चाळीस किलोमीटर कशाला हिंडवायचं?" बऱ्याच माना डोलल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्याच गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीनंही मान डोलावली. हा लेख मी लिहितेय तो तिच्यामुळे. त्या वडिलांचा मला राग आला नाही.

ते गृहस्थ चुकीचंही बोलत नव्हते. केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून पुरे करायची मुभा दिली. २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष ठरवली. कागदावर घरची पदवी आणि कॉलेजची पदवी आता सारखीच. घर मात्र मुलाला आणि मुलीला सारखं नसतं, आणि याचा विचार या कागदांत कुठंच दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा हे आम्ही जवळून पाहिलं. आमच्या अभ्यासगटातली बी.कॉम.ची एक मुलगी तेव्हा म्हणाली होती, "कॉलेज होतं तेव्हा साडेसहाची गाडी गाठायची म्हणून आई मला डबा करून द्यायची. कॉलेज मोबाइलवर आलं तसं सगळ्यांचा डबा मीच करायला लागले." मोबाइल भावाचा. त्याचं काम नसेल तेव्हा हिचा तास. हजेरीसाठी नाव टाइप करायचं असे, ते भाऊ टाकून द्यायचा आणि फोन घेऊन बाहेर पडायचा. वर्षअखेर ती पास झाली. शिकली किती, हे तिलाही सांगता आलं नाही. घरात कुणी दुष्ट होतं असं नाही. घरात बसलेली मुलगी रिकामी असते, एवढीच सगळ्यांची साधी समजूत होती.

सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८. आणि हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं, न लावणारे हिशेबात धरलेलेच नाहीत! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. त्यानंतर मोबाइल वाढले असतील. पण घरातला फोन कुणाच्या खिशात असतो, हे आपल्याला पाहणी न करताही माहीत आहे.

मैत्रिणींनो, कॉलेज म्हणजे काय हे आपण विसरत चाललो आहोत का? गावातल्या मुलीला घराबाहेर पडायला समाजानं मान्य केलेली कारणं मोजकी : शेत, पाणी, देऊळ, दवाखाना आणि कॉलेज. यातलं एकच असं, जिथं ती कुणाची लेक-सून म्हणून जात नाही, स्वतःच्या नावानं जाते. हजेरीपटावर तिचं नाव असतं, पासावर तिचा फोटो असतो. स्टँडवर गाडीची वाट बघताना दुसऱ्या गावची मुलगी भेटते. वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो, पोलीस भरतीला उंची किती लागते, हे तिथं कळतं. 'तुझ्या घरी मारतात का गं?' हा प्रश्नही तिथंच विचारला जातो. आमच्या गटात आज काम करणाऱ्या मुली शिबिरांची पत्रकं वाचून आलेल्या नाहीत, स्टँडवरून आल्या आहेत. मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. करताना पुस्तकांतून जे शिकले त्यातलं बरंचसं विसरले. पण वसतिगृहाच्या मेसच्या तक्रारीसाठी पंचवीसजणी मिळून अधीक्षिकांच्या दारात उभ्या राहिलो होतो, ते विसरले नाही. पहिला मोर्चा तोच.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंवर शेण आणि दगड पडले ते शाळेच्या वाटेवर. बाईनं रस्त्यावरून शिकायला-शिकवायला जाणं, याचाच तो राग होता. आता कुणी दगड मारत नाही. 'कशाला त्रास घेतेस, घरीच पाठवून देतो', असं प्रेमानं म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किती तरी बायका शिकल्या. आमच्या भागातल्या एका अंगणवाडी सेविकेनं दोन मुलांच्या पाठीवर तिथूनच पदवी घेतली, आणि तिच्यासाठी आता ऑनलाइन धडे मिळतात याचा मला आनंदच आहे. तिचं शिक्षण लग्नानं तोडलं होतं, तिला परतीची वाट मिळाली. पण अठरा वर्षांच्या मुलीला, जिचं अजून काही तुटलेलंच नाही, तिला त्याच वाटेनं घरात वळवायचं, हे मात्र कोणत्या न्यायानं?

घरबसल्या पदवीनंतर येते ती घरबसल्या नोकरी. मुलगी शिकलेली हवी, मिळवतीही चालेल, पण बाहेर जाणारी नको, अशी स्थळं आमच्याकडे सर्रास येतात. त्यातून 'डेटा एंट्री करा, घरी बसून कमवा' या जाहिराती. आमच्याकडे आलेल्या दोघीजणींनी आधी 'नोंदणी फी' भरली, मग काम आलंच नाही. खरं काम मिळालं तरी त्याची जात आपल्या ओळखीची आहे. विडी, पापड, अगरबत्ती. नगावर पैसे, वीज आपली, जागा आपली, मालक दिसत नाही, शेजारी काम करणारी दुसरी बाई दिसत नाही, मग संघटना कुणाची करणार? घरखेप कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला, भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. विडी वळणारणीसाठी आपण भांडलो, तिच्या पदवीधर मुलीच्या हाती तेच काम कीबोर्डवर आलं तर गप्प बसायचं का?

सरकारनं जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केलं. त्याचं स्वागतच आहे. पण मुलगी फीसाठी अडते तितकीच खोलीच्या भाड्यासाठी, मेससाठी आणि संध्याकाळच्या गाडीसाठी अडते. एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून बाईला अर्धं झालं. गाडीच नसेल तर अर्धं कशाचं?

त्या बैठकीनंतर आम्ही परतीच्या साडेपाचच्या गाडीसाठी निवेदन दिलं. 'त्या वेळी प्रवासीच नसतात', असं उत्तर मिळालं. म्हणून गेला महिनाभर आमच्या दोन-दोन मुली वही घेऊन स्टँडवर बसतात आणि ताटकळणाऱ्या मुली मोजतात : गाव, वर्ग, घरी पोचायची वेळ. शेवटचा तास सोडून कोण निघाली, तेही लिहितात. मान डोलावणारी ती आमची जुनी कार्यकर्ती बुधवारी आणि शनिवारी त्यांच्यासोबत असते. पहिल्या दिवशी ती माझ्यावर चिडून आली होती, आता वही तीच सांभाळते. तुमच्या तालुक्यातल्या गटांनी अशी मोजणी केली असेल, किंवा करणार असाल, तर आम्हाला कळवा. विभागीय कार्यालयात एकट्या तालुक्याची वही घेऊन जाण्यापेक्षा पाच-सहा तालुक्यांच्या वह्या घेऊन जायचा आमचा विचार आहे.