‘ग्रँड’च हवा कशाला?

मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात खरा पियानो मावणे अवघड. मावला तरी पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याचे लाकूड फुगते, सूर हलतात, ते जुळवणारा कारागीर वेळेवर मिळतोच असे नाही आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. म्हणून पियानो शिकणाऱ्या बहुतेक घरांत डिजिटल कीबोर्ड येतो. तो सुरू केला की सहसा पहिला आवाज लागतो तो ‘ग्रँड पियानो’चा. यादीत थोडे खाली ‘अपराइट’ असे लिहिलेले असते आणि तिकडे फारसे कोणाचे बोट जात नाही. समज साधा असतो. ग्रँड म्हणजे मोठा, भारी, मैफलीतला. अपराइट म्हणजे दुधाची तहान ताकावर. दोन्ही आवाज त्याच पैशांत मिळालेले असताना ताक कोण घेईल?

माझे म्हणणे असे की, हा प्रश्न दर्जाचा नाहीच. तो आपला कान, आपली खोली आणि आपले काम यांचा आहे. घरातल्या रोजच्या सरावासाठी, विशेषतः हेडफोन लावून बसणाऱ्या मुलांसाठी, अनेकदा अपराइटचा आवाजच अधिक योग्य ठरतो. याची कारणे संगीताइतकीच श्रवणशास्त्रातही आहेत.

आधी मूळ वाद्यांकडे पाहू. पियानो हे वाद्य इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवले. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात. हातोडी खालून वर येऊन तारेवर आदळते आणि स्वतःच्या वजनाने खाली पडते. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता यावा, अशी यंत्रणा सेबास्तियन एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट केली आणि ग्रँडचा वेग त्यामुळे वाढला. अपराइटमध्ये तारा उभ्या असतात, हातोडी समोरून आदळते आणि तिला मागे आणायला स्प्रिंगची मदत लागते. ग्रँडचे झाकण उघडले की आवाज सभागृहात दूरवर पसरतो. अपराइटचा ध्वनिफलक मागच्या बाजूला, बहुधा भिंतीकडे तोंड करून असतो. त्याचा आवाज जवळचा, थोडा बंदिस्त, घरगुती वाटतो.

कीबोर्डवर बटण दाबून यातले काय बदलते? पट्ट्यांखालची यंत्रणा तीच राहते. ग्रँडचे बटण दाबल्याने ग्रँडचा स्पर्श मिळत नाही. बदलते ते फक्त ध्वनिमुद्रण. खऱ्या पियानोचा एकेक सूर हलक्या, मध्यम, जोरकस अशा वेगवेगळ्या आघातांनी वाजवून मायक्रोफोनने टिपलेला असतो. या नमुन्यांना सॅम्पल म्हणतात. काही कीबोर्ड हा आवाज गणिती प्रारूपावरून घडवतात, पण नक्कल शेवटी एका ठरावीक जागी ऐकलेल्या पियानोचीच असते. म्हणजे आपण ऐकतो तो नुसता पियानो नव्हे. तो पियानो, ती खोली आणि मायक्रोफोनची ती जागा हे सारे एकत्र ऐकतो. ग्रँडच्या नमुन्यांत बहुधा मोठ्या दालनाचा घुमारा मिसळलेला असतो.

अपराइटला मागे ठेवण्यात सवयीचाही वाटा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांत एकवाक्यता यावी म्हणून १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ ही १२८ आवाजांची यादी ठरवण्यात आली. तिच्यात पहिल्या क्रमांकावर ग्रँड पियानो आहे. साध्या अपराइटला स्वतंत्र जागाच नाही. चौथ्या क्रमांकावर ‘हाँकी-टाँक’ आहे, म्हणजे जुन्या दारूगुत्त्यांतल्या, सूर उतरलेल्या पियानोची नक्कल. यादी बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. पण त्यामुळे ‘पियानो म्हणजे ग्रँड’ हे समीकरण पक्के झाले.

आता कानाकडे वळू. दुकानात दोन आवाज पाठोपाठ वाजवून पाहिले की ग्रँडच ‘भरलेला’ वाटतो. हा अनुभव खरा असतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा असतोच असे नाही. दोन आवाजांपैकी एक थोडासा मोठा असला, तर ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आपल्या कानाची संवेदनशीलता सगळ्या सुरांना सारखी नसते आणि आवाजाच्या पातळीनुसार तीही बदलते. आवाज लहान असताना खर्जाचे सूर कानाला मधल्या सुरांपेक्षा फारच क्षीण वाटतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. ग्रँडचे सारे वैभव खर्जात असते. त्यामुळे लहान आवाजात ते हाती लागत नाही, आणि हात आपोआप आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जातो. या मुद्द्याकडे पुन्हा येऊच.

दुसरी गोष्ट स्पीकरची. पियानोचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला २७.५ कंपनांचा, म्हणजे २७.५ हर्ट्झचा असतो. कीबोर्डच्या पोटातले तळहाताएवढे स्पीकर इतका खालचा सूर निर्माणच करू शकत नाहीत. तरी आपल्याला तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्याचे वरचे उपस्वर ऐकून मेंदू गाळलेली जागा भरतो. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज जातच नसे, तरी पलीकडून बोलणाऱ्या पुरुषाचा भरदार आवाज ओळखू येई, तो याच कारणाने. म्हणजे छोट्या स्पीकरवर ‘नऊ फुटी ग्रँडचा खर्ज’ ऐकताना त्यातला बराच भाग आपला मेंदूच रचत असतो. अपराइटचा आवाज मुळात कमी पसाऱ्याचा. त्यामुळे छोट्या स्पीकरवर त्याचे नुकसानही कमी होते.

मग अपराइटचा आवाज सदोष नसतो का? त्याच्या खर्जाच्या तारा आखूड असतात, हे खरे. मोठ्या ग्रँडमध्ये त्या दोन मीटरच्या आसपास जातात. अपराइटची एकूण उंचीच साधारण ११० ते १३० सेंटिमीटर असते. आखूड आणि जाड तार लवचीक दोरीसारखी न वागता थोडी सळईसारखी वागते आणि तिचे उपस्वर असायला हवेत त्यापेक्षा किंचित चढे लागतात. म्हणून छोट्या अपराइटचा खर्ज थोडा धूसर लागतो. पण हे किंचित चढेपण सगळ्याच पियानोंत असते. याच फ्लेचर यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उपस्वर गणिताप्रमाणे तंतोतंत ठेवून बनवलेल्या कृत्रिम सुरांत पियानोची ऊब येत नाही. उपस्वर थोडे चढवले की ती येते. तंबोऱ्याची जवारी लावताना कान तयार झालेल्यांना हे नवे वाटणार नाही. सूर ‘बोलतो’ तो त्याच्या उपस्वरांमुळे. सर सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या उपस्वरांवर १९२१ मध्ये लिहिले, ते याच कुतूहलातून. आणि अपराइटला कलावंतांनी कमी लेखलेले नाही. जॉन लेनन यांनी ‘इमॅजिन’ हे गाणे रचले ते अपराइट पियानोवर. जर्मन संगीतकार निल्स फ्राम यांनी २०११ चा ‘फेल्ट’ हा अल्बम तारांवर लोकरीचे जाड कापड लावून, मुद्दाम दबक्या केलेल्या पियानोवर घडवला.

सरावाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घुमारा म्हणजे आधीच्या सुराची शेपटी पुढच्या सुरावर पडणे. ती शेपटी पुढच्या सुराची सुरुवात झाकते. शिवाय जोरदार खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात, हा कानाच्या रचनेचाच गुणधर्म आहे. त्यामुळे भरपूर घुमारा असलेल्या ग्रँडच्या आवाजात डावा हात जड पडला, दोन बोटांचे आघात असमान झाले, पेडल वेळेवर सुटले नाही, तरी सगळे गोड लागते. न्हाणीघरात गाणाऱ्याला आपला आवाज बरा वाटतो, त्यातलाच हा प्रकार. कोरड्या, जवळच्या अपराइटच्या आवाजात हीच चूक लगेच टोचते. शिकणाऱ्याला गोड लागण्यापेक्षा चूक कळणे जास्त उपयोगाचे आहे. गुरुजी आठवड्यातून एकदा भेटतात. बाकीचे दिवस कानच गुरू असतो. त्याच्यासमोर पडदा टांगून काय साधणार?

आता आरोग्याचा प्रश्न. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सराव हेडफोनवर होतो आणि आवाज किती आहे हे घरात दुसऱ्या कोणालाच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल इतकी आहे. मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे मुलांसाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १०, ८४ ला फक्त ५. रोज एक तास सराव करणारे मूल आठवड्याचे सात तास इथेच खर्च करते. त्यात मोबाइल, गेम आणि ऑनलाइन वर्ग मिळवा. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि हे नुकसान होताना दुखत नाही.

बटणाची निवड आणि डेसिबल यांचा संबंध इथे येतो. ग्रँडच्या नमुन्यांत सहसा अगदी हळू आणि अगदी जोरकस आघातांमधले अंतर मोठे ठेवलेले असते. हळू सूर नीट ऐकू यावेत आणि खर्ज भरून यावा म्हणून आवाज वाढवला जातो, आणि मग जोरकस सुरावर तोच आवाज कानावर आदळतो. अपराइटचा आवाज लहान पातळीवरही पुरेसा स्पष्ट राहतो. अर्थात अपराइट निवडून आवाज कमाल पातळीवर ठेवला तर काहीच साधणार नाही. आवाजाची पातळी कमालीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा सल्ला कोणत्याही बटणाला लागू आहे. सरावानंतर कानात गुणगुण वाटली, तर आवाज जास्त होता हे नक्की.

यावर एक आक्षेप रास्त आहे. परीक्षा किंवा कार्यक्रम ग्रँडवर असेल, तर मुलाच्या कानाला तो आवाज ओळखीचा नको का? हवा. लांब पेडल धरून सुरांचे धुके करणाऱ्या, द्यबुसीसारख्या संगीतकारांच्या रचनांना ग्रँडचा दीर्घ नाद लागतोच. चांगले मोठे स्पीकर आणि ऐसपैस खोली असेल तर ग्रँडची मजा जरूर घ्यावी. माझा विरोध ग्रँडला नाही. न ऐकता, केवळ नावावर केलेल्या निवडीला आहे. रचना बसवताना अपराइट आणि ती बसल्यावर ग्रँड, अशी वाटणीही उत्तम.

निवड कशी करावी? आधी कीबोर्डवरचा घुमारा, म्हणजे ‘रिव्हर्ब’, पूर्ण बंद करावा. मग दोन्ही आवाजांची पातळी कानाला सारखी वाटेल अशी जुळवावी. एक जरी मोठा राहिला तरी तुलना फसते. त्यानंतर ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि कोणता आवाज लावला हे न सांगता दुसऱ्याने तीच चार ओळींची रचना दोनदा वाजवावी. एकदा हेडफोनवर, एकदा स्पीकरवर. प्रश्न ‘कोणता छान?’ असा विचारू नये. ‘डाव्या हाताचे सूर वेगळे कळले का? अडखळले कुठे ते कळले का?’ असे विचारावे. ज्या आवाजात उत्तर लवकर मिळते तो सरावाचा आवाज.

या चाचणीत ग्रँड जिंकला तर खुशाल ग्रँड ठेवावा. अपराइट जिंकला तर नावाला बिचकू नये. या परीक्षेला पैसे पडत नाहीत, वेळही पंधरा मिनिटांचा लागतो. कीबोर्ड निवडताना आपण किंमत, पट्ट्यांची संख्या, हमीचा काळ हे सगळे तपासून घेतो. त्यावर रोज वाजणारा आवाज मात्र कारखान्यातून जसा लागून आला तसाच वर्षानुवर्षे ठेवतो. निदान घरातल्या मुलाच्या कानासाठी तरी ते बटण एकदा बदलून पाहावे.