विमान पुरे, आता एस.टी. दाखवा



आपल्या मंडळात सध्या बेसमेंटमधल्या जुन्या व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची लाट आली आहे. भारतवारीच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या टेप खोक्यांतून बाहेर निघाल्या आणि स्नेहसंमेलनात त्यांतली दहा-पंधरा मिनिटे सर्वांना पाहायला मिळू लागली. हे काम आत्ताच व्हायला हवे होते. टेपवरची चुंबकीय पूड ज्या पॉलियुरेथेनच्या थरात बसवलेली असते, तो थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि चिकट बनतो. बेसमेंटइतकी दमट जागा घरात दुसरी नसते! शिवाय २०१६ साली फुनाई कंपनीनेही व्हीसीआर बनवणे बंद केले, त्यामुळे टेप चांगली राहिली तरी ती लावायची कशावर, हा प्रश्न आहेच.

तेव्हा तक्रार टेप उतरवण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती त्यावर चढवलेल्या सजावटीबद्दल.

हल्ली प्रत्येक व्हिडिओ एकाच पद्धतीने सुरू होतो. पृथ्वीचा गोल फिरतो, न्यूअर्कवर ठिपका लुकलुकतो, लाल रेघ निघते आणि तिच्यावरून चिमुकले विमान मुंबईपर्यंत सरपटत जाते. युक्ती जुनीच. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’त नकाशावरची रेघ आहे, १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये विमानासकट आहे. आता आयमूव्हीसारख्या प्रोग्रॅममध्ये ती तयार मिळते, म्हणून सगळ्यांकडे आहे. मुलांना ती आवडते, आणि तिच्यातून थोडा भूगोलही शिकवता येतो. न्यूअर्क ते मुंबई सर्वांत जवळची वाट ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, आइसलंडवरून जाते आणि सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. सपाट नकाशावर हीच वाट कमानीसारखी वाकडी दिसते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, मुलांना लगेच पटेल. पण १९९१ ची टेप असेल तर ही रेघ बहुतेक वेळा खोटी असते. त्या काळी आपली ज्येष्ठ मंडळी लंडनला नाहीतर फ्रँकफुर्टला विमान बदलून जात. त्या विमानतळाच्या बाकावर बॅगांवर डोके ठेवून काढलेले सहा तास आपल्या नकाशात येतच नाहीत.

असो. विमानाला वीस सेकंद मिळतात. त्यानंतर पडवीत सूप घेऊन बसलेल्या एका नऊवारीतल्या बाई दिसतात, चार सेकंद. खाली नाव नाही. मागच्या संमेलनात माझ्या शेजारच्या मुलीने वडिलांना विचारले, “या कोण?” वडील म्हणाले, “असतील कुणीतरी आजीच्या माहेरच्या.”

आमच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली कोणी वापरत नाही. आत अगदी शुद्ध पदार्थ असला तरी ती टाकाऊच धरतात, आणि टाकायलाही त्रास, कारण काय टाकतो आहोत ते ठाऊक नसते. नाव, तारीख, कोणी तयार केले, एवढे तीन शब्द पुरतात. व्हिडिओला वेगळा नियम कशाला?

नकाशा काढायचाच तर शेवटच्या टप्प्याचा काढा. समुद्रावरची रेघ आपणा सर्वांची सारखीच आहे. मुंबईपासून पुढची प्रत्येकाची वेगळी. मुंबई सेंट्रलहून रात्रीची एस.टी., कशेडीचा घाट, मग परशुराम घाट, पहाटे चिपळूणच्या स्टँडवर चहा, तिथून गुहागरची गाडी. हा प्रवास पुन्हा कोणी तसा करणार नाही. जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि कशेडीला आता बोगदा आहे. म्हणून प्रोग्रॅमला रस्ता आपोआप आखायला सांगू नका. तो आजचा रस्ता आखतो. १९९१ च्या पुणे प्रवासाला तो २००२ साली पूर्ण झालेल्या एक्सप्रेसवेवर घालील, आणि नागपूरकरांना २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गावर! थांब्यांचे ठिपके स्वतः द्या आणि रेघ हाताने जोडा. तासाभराचे काम आहे. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतलात तर कोपऱ्यात त्यांचे नाव टाकायला विसरू नका, ती त्यांची अट आहे.

नावे मराठीत लिहावीत असे माझे स्पष्ट मत आहे. काही प्रोग्रॅममध्ये देवनागरीची पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. तसे झाल्यास ओळ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहून तिचे पारदर्शक चित्र करून वर ठेवावे. मुलांसाठी खाली इंग्रजी ओळ द्यायला कोणाचीच हरकत नसावी.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मूळ उतरवलेली फाइल तशीच ठेवा; रेघा, नावे, फुले-पाने सारे काही तिच्या प्रतीवर. कॅमकॉर्डरने कोपऱ्यात छापलेली तारीख चित्रातच मुरलेली असते, ती पुसता येत नाही, आणि घड्याळ कधी लावलेच नसेल तर ती तारीख चुकीचीही असते. त्यात आपली भर नको. नावांची यादी वेळेसकट उपशीर्षकांच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली तर उद्या एखादे नाव चुकीचे निघाले तरी दोन मिनिटांत दुरुस्त होते.

ज्यांनी या टेप काढल्या ते सभासद आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या पडवीतल्या बाई कोण, हे त्यांनाच माहीत. येत्या रविवारी नातवाला लॅपटॉप देऊन आजोबांच्या शेजारी बसवा. चित्र थांबवत थांबवत नावे विचारू द्या, फोनवर बोलणे रेकॉर्ड करा. आजी स्वयंपाकघरातून “अहो, तो नव्हे, तो धाकटा!” असे ओरडल्या, तर तेही राहू द्या.