अभ्यासक्रम लादला, पण अर्धाच



न्यूयॉर्कच्या शाळांवर एकच इंग्रजी अभ्यासक्रम लादला गेला, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची तक्रार पुरती खरी नाही. मे 2023 मध्ये शहराच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांसाठी ‘इन्टू रीडिंग’, ‘विट अँड विज्डम’ आणि ‘ईएल एज्युकेशन’ असे तीन अभ्यासक्रम ठरवले. त्यांतला एक निवडण्याचा अधिकार 32 विभागांच्या अधीक्षकांकडे राहिला. शिक्षकांकडे मात्र तो उरला नाही, आणि तिथे पत्रलेखकाचा राग रास्तच आहे.

पण आधीची मोकळीक मुलांना महाग पडत होती. अनेक वर्गांत चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवत. ‘पोनी’ छापलेले असताना मूल ‘हॉर्स’ म्हणाले तरी चालून जाई. अक्षरांकडे नजर जातच नसे. पुढे बिनचित्रांचे पुस्तक हाती आले की ते मूल अडणारच.

मात्र नुसती पुस्तके बदलून भागत नाही. मिसिसिपी राज्याने 2013 च्या कायद्यानंतर शिक्षकांना वाचन कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक पाठवले. 2019 मध्ये तिथली चौथीची मुले वाचनात राष्ट्रीय सरासरीला पोहोचली.

न्यूयॉर्कनेही पुस्तकांइतकाच पैसा आणि वेळ शिक्षकांवर खर्च करावा.

— एक वाचक