अडखळणारे सूर, हार्ड डिस्कचा इशारा

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर असलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरातील संगणक दहा-बारा वर्षांचा. त्यात दुकानाचे जुने हिशेब आहेत, लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत आणि आजीच्या आवाजातील स्तवने आहेत; कोणीतरी हौसेने कॅसेटवरून उतरवून ठेवलेली. सकाळी ती लावावीत, तर दोन ओळी नीट वाजतात आणि मग आवाज तुटू लागतो. घरातील निदान ठरलेले असते : यंत्र म्हातारे झाले, नवे घ्यावे. हे निदान पुष्कळदा चुकते आणि प्रसंगी महागात पडते.

प्रथम आकडे पाहावेत. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना दोन बाइटांचा आणि डावी-उजवी अशा वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्री फाइलला तर १६,००० बाइट पुरतात. सुस्थितीतील जुनी हार्ड डिस्कदेखील सेकंदाला काही कोटी बाइट वाचू शकते. गाणे वाजवणे हे तिच्या दृष्टीने किरकोळ काम होय. मग अडते कोठे?

दुकानाच्या उदाहरणाने हे लवकर उमगेल. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम, प्रोसेसर म्हणजे माल आणून देणारा नोकर आणि 'बफर' म्हणजे गल्ल्यामागची लहानशी फळी. गिऱ्हाईक ठरावीक गतीने माल मागत असते आणि फळीवर माल असतो क्षणभर पुरेल इतकाच. नोकर दुसऱ्या कामात गुंतला किंवा गोदामाचे दार उघडेना, की फळी रिकामी होते आणि त्याच क्षणी सूर तुटतो. म्हणून प्रश्न एवढाच उरतो : नोकर गुंतला आहे, की गोदामच बिघडले आहे?

याचा उलगडा कानांनीच होऊ शकतो. तीच फाइल तीन वेळा वाजवावी. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी अडखळत असेल, तर संगणकावर इतर कामांचा भार आहे असे समजावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणता आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास आहे आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे, हे तेथे दिसते. विषाणूविरोधी प्रोग्रॅमची तपासणी, विंडोजचे अपडेट किंवा ब्राउझरमधील पंधरा-वीस उघडी पाने, हे नेहमीचे गुन्हेगार. मेमरी अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्कचाच वापर मेमरीसारखा करतो आणि गोदामाच्या दारात गर्दी होते. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत.

अर्धा-पाऊण तास नीट वाजून मग आवाज तुटत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. वीजपुरवठा बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. ब्लूटूथ स्पीकर असेल, तर तारेचा हेडफोन लावून पाहावे. ब्लूटूथ आणि पुष्कळसे वाय-फाय राउटर २.४ गिगाहर्ट्झ याच पट्ट्यात काम करतात, त्यामुळे एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात. तारेवर आवाज स्वच्छ आला, तर संगणक निर्दोष आहे. हेही निष्फळ ठरले, तर ध्वनीच्या सेटिंगमधील 'एन्हान्समेंट' बंद करावे आणि ध्वनीचा ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून नव्याने घ्यावा.

मात्र फाइल प्रत्येक वेळी नेमकी त्याच ठिकाणी अडखळत असेल, तर सावध व्हावे. एकच फाइल तशी असेल, तर ती मुळातच सदोष असू शकते. पण अनेक फाइलींची तीच गत असेल, फोल्डर उघडण्यास विलंब लागत असेल किंवा यंत्रातून टकटक ऐकू येत असेल, तर हार्ड डिस्कचे काही भाग निकामी होत आहेत. डिस्क तोच भाग पुनःपुन्हा वाचू पाहते आणि तेवढ्यात फळी रिकामी होते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पाहता येते. तेथे 'सावधान' असा शेरा आला, तर दुरुस्तीला हात घालू नये.

अशा वेळी उत्साहाच्या भरात डीफ्रॅगमेंट करणे, डिस्क तपासणीची आज्ञा देणे किंवा विंडोज नव्याने टाकणे घातक ठरते. या कामांत डिस्कला प्रचंड वाचन-लेखन करावे लागते आणि आजारी डिस्क त्यातच प्राण सोडते. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम मोडू नये. जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम उतरवावे : आजीचा आवाज, छायाचित्रे, हिशेब. प्रती दोन असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत ठेवावी. मूळ कॅसेट आहे, या भरवशावरही राहू नये. पनवेलच्या दमट पावसाळ्यात फितीला बुरशी लागते. हिशेबांच्या बाबतीत तर कायद्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबवह्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. डिस्क बिघडली, ही सबब तेथे उपयोगी पडणार नाही.

प्रती झाल्यावर, त्यांतील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. मग जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. तीत फिरणारे भाग नसतात आणि जुना संगणकही तिच्यामुळे तरतरीत होतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून नव्या प्रणालीस अपात्र ठरलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. इंटरनेटपासून अलग ठेवून ते केवळ गाण्यांसाठी वापरण्यास मात्र काहीच हरकत नाही.