मागच्या खोलीतलं वायफाय

फोंड्याजवळचं आमचं घर जुनं, चिऱ्याचं. राउटर पुढे हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. धाकट्या बहिणीची अभ्यासाची खोली पार मागे. मध्ये तीन जाड भिंती. ऑनलाइन तासाला ती मोबाइल घेऊन हॉलच्या दारात बसायची, आणि आम्ही तिलाच म्हणायचो, "जरा हळू बोल गं!"

आम्हाला वाटलं, नेट स्लो आहे. मोठा प्लॅन घेतला. बिल वाढलं, मागची खोली तशीच. मग रिपीटर आणून थेट तिच्या खोलीत लावला. पण जिथे सिग्नलच पोचत नाही, तिथे तो पुढे काय देणार? शिवाय साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो नि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

शेवटी माळ्यावरून लॅन केबल ओढली. ती 100 मीटरपर्यंत चालते. पडून असलेला जुना राउटर तिच्या खोलीत अॅक्सेस पॉइंट केला: त्याचं डीएचसीपी बंद, केबल लॅन पोर्टात, नाव-पासवर्ड पुढच्यासारखंच. 2.4 गिगाहर्ट्‌झवर पुढच्याला चॅनेल 1, मागच्याला 6, म्हणजे दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. खर्च झाला तो फक्त केबलचा.

माझं म्हणणं एवढंच: घरातलं नेट हॉलमध्ये मोजू नका, सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन मोजा. भिंती जाड होत्या हे खरं. पण राउटर कुठे बसवायचा हे ठरवताना तिला आम्ही विचारलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.