आवाजाची तक्रार आणि जातीची तक्रार: लंडनच्या घरापासून बदलापूरच्या सोसायटीपर्यंत

एप्रिल महिना आला की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यात एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहितो, "यांच्या जयंतीचा फार त्रास होतो." आपली मुले उत्तर देतात, "दहा दिवस तुमचे ढोल वाजतात, नऊ रात्री गरबा चालतो, तेव्हा तुमचे कान कुठे असतात?" दोन दिवस भांडण चालते, ॲडमिन ग्रुप बंद करतो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत सगळे विसरले जाते.

आमचे म्हणणे असे आहे की आंबेडकरी चळवळीने या वादाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. आवाजाच्या तक्रारीच्या आडून जात बोलते, हे खरे आहे. आपल्या डीजेमुळे माणसांची झोप उडते, हेही तितकेच खरे आहे. यातले एकच खरे मानून आपण बोलत राहिलो तर आपला मुद्दा कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची कसोटी शोधू. ती कसोटी बाबासाहेबांच्याच आयुष्यातल्या दोन घरांपाशी सापडते.

लंडनचे घर

लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, १० किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. हे घर विक्रीला निघाल्यावर ते विकत घ्यावे यासाठी ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने पाठपुरावा केला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले.

पण ते घर राहत्या वस्तीतले होते. निवासी घराचे संग्रहालय करायचे तर तिथल्या कॅमडेन कौन्सिलची परवानगी लागते. ती आधी घेतली नव्हती, २०१८ मध्ये मागण्यात आली. दरम्यान काही शेजाऱ्यांनी तक्रार केली. बस भरून माणसे येतात, फोटो काढतात, गोंगाट होतो, अशी ती तक्रार होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कौन्सिलने परवानगी नाकारली. कारण दिले ते राहण्याची जागा कमी होत असल्याचे.

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे सोशल मीडियावर संतापाची लाट उठली. "बाबासाहेबांचे स्मारक गोऱ्यांना नको आहे" इथपासून "इथल्या मनुवाद्यांनी तिथे फूस लावली" इथपर्यंत पोस्ट फिरल्या. लंडनमधल्या आपल्या लोकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली. स्मारकाच्या बाजूने वकील उभे राहिले आणि जगभरातल्या लोकांसाठी ही जागा का महत्त्वाची आहे, हे कागदावर मांडले गेले. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. आज ते स्मारक कायदेशीरपणे उभे आहे.

त्या शेजाऱ्यांच्या मनात काय होते, याचा शोध घेत बसण्याची गरज नाही. त्यांनी केलेली तक्रार तपासता येण्यासारखी होती. किती माणसे येतात, किती वाजता येतात, आवाज किती होतो, या प्रश्नांना उत्तरे असतात. उत्तर असणाऱ्या तक्रारीला आपण उत्तर दिले आणि जिंकलो.

बडोद्याची खोली

दुसरे घर त्याच्या चारच वर्षे आधीचे. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. अस्पृश्याला कोणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि त्यांनी खोली सोडायला लावली. त्या बंद इमारतीत बाबासाहेब एकटेच राहत होते. कसला गोंगाट नव्हता. त्यांनी काय केले याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. ते कोण आहेत, एवढाच आक्षेप होता.

आमची कसोटी हीच. तक्रार तुम्ही काय करता याबद्दल असेल तर ती लंडनची तक्रार. तिला वागणुकीने, कागदाने, नियमाने उत्तर देता येते. तक्रार तुम्ही कोण आहात याबद्दल असेल तर ती बडोद्याची तक्रार. तुम्ही आवाज शून्यावर आणला तरी ती संपत नाही.

बदलापुरात बडोदा

बदलापूर हे स्थलांतरितांचे शहर आहे. मुंबईच्या चाळींतून, विदर्भ-मराठवाड्यातून, परप्रांतांतून आलेली माणसे कर्ज काढून इथे वन बीएचके घेतात. शेजारच्या उल्हासनगरचा पाया तर फाळणीत घर गमावलेल्या सिंधी निर्वासितांनी घातला. इथे कोणाचेच सात पिढ्यांचे घर नाही. तरीही भिंतीपलीकडच्याची जात शोधण्याची सवय माणसे बरोबर घेऊन आली आहेत.

समाजकार्य करताना आमच्यापर्यंत येणाऱ्या गोष्टी सारख्याच असतात. एका सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेला मजल्यावर स्पीकर चालतो, पण बौद्ध कुटुंबाने घरात परित्राण पाठ ठेवला की सेक्रेटरी बेल वाजवतात. हळदीचा डीजे रात्री एकपर्यंत चालला तर "लग्नघर आहे, चालायचंच", चौदा एप्रिलला गच्चीवर निळा झेंडा लावायचा म्हटले की "आपल्या सोसायटीत राजकारण नको." झेंड्याला तर आवाजही नसतो.

हे केवळ टोमण्यांपुरते राहत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून एका बौद्ध तरुणाचा खून झाला. मोबाइलची रिंगटोन किती डेसिबलची असते? जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या आणखी एका तरुणाला मारले गेले. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. आपल्या नवरदेवाची वरात, आपल्या महापुरुषाची मिरवणूक, आपले गाणे यांवर झालेल्या हल्ल्यांची यादी लांब आहे. त्यामुळे "आवाज कमी करा" हे वाक्य आपल्या कानांना साधे वाटत नाही, यात आपला दोष नाही.

आणि आपला डीजे?

आता आपल्याकडे वळू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे बंधन ठामपणे सांगितले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत साधारणपणे चौदा एप्रिल असतोच. पण ही सूट वेळेची असते. डेसिबलची मर्यादा त्या दिवशीही लागू राहते.

डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज शंभरच्या पुढे जातो. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ वरून १०५ वर गेलेला आवाज दुप्पट नसतो, त्याची ऊर्जा एक लाख पट असते. छातीत धडधड उगीच होत नाही.

हा आवाज आधी कोणाच्या घरात शिरतो? मिरवणूक सुरू होते आपल्याच वस्तीतून, विहारासमोरून. पत्र्याच्या छताखाली, अर्ध्या विटेच्या भिंतीआड झोपलेले बाळ आपले असते. बायपास झालेले आजोबा आपले असतात. एमपीएससी, नीट आणि विद्यापीठाच्या परीक्षांचा अभ्यास करणारी मुलगी आपली असते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. पहाटेची लोकल पकडणारे सफाई कामगार, सिक्युरिटी गार्ड, नर्स, घरकाम करणाऱ्या बाया यांच्यात आपली माणसे किती आहेत, हे फलाटावर उभे राहिले की दिसते. त्यांना मिळणारी पाच तासांची झोप ही चैन नाही. वातानुकूलित बंगल्यातला माणूस खिडकी बंद करू शकतो. आपल्याकडे खिडकी बंद केली की गुदमरायला होते.

बाबासाहेबांच्या चरित्रात धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा आणि शांतता नसे, म्हणून रामजी सुभेदार भिवाला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. रात्रीची शांतता हीच त्या घराची अभ्यासिका होती. आज त्याच वेळी अभ्यासाला बसलेल्या पोराची शांतता आपण बाबासाहेबांच्या नावाने हिरावून घेणार असू, तर जयंती कोणाची साजरी करतो आहोत?

मज्झिम निकायात चातुमा सुत्त आहे. मोठ्या संख्येने आलेल्या भिक्खूंनी कोळ्यांच्या बाजारासारखा गलका केला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना निघून जायला सांगितले. चातुमाच्या शाक्यांनी येऊन रदबदली केल्यानंतर त्यांना परत बोलावले गेले. आपल्याच संघाच्या गोंगाटाला बुद्धांनी सूट दिली नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: आधी त्यांचे बंद करा, मग आमचे. आम्ही विचारतो, गणपतीच्या डीजेला उत्तर म्हणून आपला डीजे लावला तर अनुकरण कोण कोणाचे करतो आहे? बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण त्या संस्कृतीतून बाहेर पडलो आणि तिची सर्वात वाईट सवय उचलली. शिवाय स्वतः नियम मोडणाऱ्याच्या तक्रारीला पोलीस ठाण्यात कोणी किंमत देत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्या समाजाला रस्त्यावरून चालू दिले नाही, त्याने रस्त्यावर वाजतगाजत यावे हीच क्रांती आहे, असे काही मित्र म्हणतात. आम्हाला हे मान्य आहे. मिरवणूक निघालीच पाहिजे, मोठी निघाली पाहिजे. पण आपला आवाज म्हणजे काय? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, ढोलकी, डफ, एकतारी. हजारो माणसे ती ऐकत आणि घरी जाताना एखादा विचार घेऊन जात. डीजेच्या बेसमध्ये शब्दच ऐकू येत नाहीत. ज्या गाण्यांचा प्राणच शब्द आहे, त्यांचे शब्द बुडवणारे यंत्र आपण वर्गणीतून भाड्याने आणतो. त्या पैशात विहाराची अभ्यासिका वर्षभर चालेल.

आपली अनेक मुले आज नोकरी-शिक्षणासाठी लंडन, दुबई, जर्मनीला आहेत. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि आपली मुले ती बिनतक्रार पाळतात. फोनवर "इथे किती शिस्त आहे" म्हणून कौतुकही करतात. नेमकी हीच वेळ आपल्या देशाच्या नियमातही आहे. परदेशातल्या शेजाऱ्याला दिलेला मान बदलापूरच्या शेजाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

मग करायचे काय?

एक, येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक मंडळाने बैठकीत ठराव करावा: डीजे नाही, लेझीम, बँड, जलसा, शाहिरी आणि विचारमंच. परवानगीचे पत्र लेखी घ्यावे आणि त्याची प्रत मिरवणुकीत जवळ ठेवावी.

दोन, रुग्णालये आणि शाळांच्या परिसरात वाद्ये पूर्ण बंद ठेवावीत. हे आपल्या कार्यकर्त्यांनी करावे, पोलिसांनी सांगण्याची वाट पाहू नये.

तीन, इतरांच्या गोंगाटाची तक्रार करायला घाबरू नये. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यंत्रणांना सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. आधी समज, मग दंड, नंतर यंत्रणा जप्त, असा क्रमही दिला. वस्तीत एकटे पडलेल्या बौद्ध कुटुंबासाठी नाव गुप्त राहणे फार मोलाचे आहे. ११२ वर फोन करा, वेळ लिहून ठेवा, नंतर लेखी अर्ज द्या.

चार, सोसायटीने फक्त तुम्हालाच नोटीस दिली तर भांडू नका, कागद मागा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नियमानुसार? त्याच महिन्यात इतर कोणाला नोटीस दिली? लंडनची तक्रार असेल तर उत्तर येईल आणि आपणही आवाज कमी करू. उत्तर आले नाही तर ती बडोद्याची तक्रार आहे हे कागदावर सिद्ध होईल. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, निबंधकांकडे, आणि जातीवाचक शब्द वापरला गेला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली, आपली बाजू भक्कम असेल.

बडोद्यात बाबासाहेबांकडे दाद मागायला कायदा नव्हता. आपल्याकडे त्यांनी दिलेले संविधान आहे. ते वापरायचे तर आपले हात स्वच्छ हवेत. या चौदा एप्रिलला रात्री दहानंतर आपल्या वस्तीत फक्त अभ्यासिकेचा दिवा चालू राहू द्या.

जयभीम! जय संविधान!